खोलीभर कागदांचा अंदाज

ते पत्र आलं तेव्हा मी लग्नपत्रिकेतला गणपती पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकवत बसले होते. सांगलीत बाजारपेठेच्या मागच्या बोळात माझं डीटीपीचं दुकान होतं. संगणकावर मजकूर जुळवून द्यायचा, पुढे तो छापखान्यात जायचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाची पत्रकं, बस्स, एवढंच काम. पण त्या दिवाळीत मी हौसेनं लांबलचक फुलस्केप कागद मावेल असा एक स्कॅनर घेतला होता आणि सांगली-साताऱ्यातल्या झाडून सगळ्या कचेऱ्यांना पत्रकं धाडली होती, की तुमचे जुने कागद दाखवा, आम्ही त्यांची चित्रं काढून सीडीवर घालून देतो. अठ्ठ्याण्णव साल असेल. चार महिने एकानंही दाद दिली नाही. आणि आता साताऱ्याच्या एका कचेरीचा हा खाकी लिफाफा!

आत लिहिलं होतं की अभिलेख कक्षातील जुन्या कागदपत्रांचे स्कॅनिंग करावयाचे असून, प्रत्यक्ष पाहणी करून पानांचा अंदाज व खर्चाचे दरपत्रक पंधरा दिवसांत सादर करावे. एकूण खर्च दोन लाखांच्या आत असावा.

दोन लाख! मी खुर्ची ढकलली आणि शेजारच्या दुकानात पळाले. तिथे बुकबाइंडर चाचा बसायचे. साठी उलटलेले, लुंगी खोचलेली, बोटांना कायमची खळ चिकटलेली. शहरातल्या निम्म्या पेढ्यांच्या चोपड्या त्यांच्या हातून बांधून जायच्या.

"चाचा, दोन लाख!"

"कुणाला मिळाले?"

"मला! म्हणजे, मिळतील."

"मग मिळाल्यावर पळत ये. आत्ता पाय लागून खळ सांडंल."

आमच्या आईचं म्हणणं, हिला शिजेपर्यंत दम निघतो पण निवेपर्यंत निघत नाही. खरं सांगायचं तर मला शिजेपर्यंतही निघत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी साताऱ्याला निघाले. पिशवीत एक फूटपट्टी, एक वही, एक कॅल्क्युलेटर. पेठ नाका गेला, कराड गेलं, आणि मी आपली मनातल्या मनात सीड्यांवर लेबलं चिकटवत होते.

अभिलेख कक्ष म्हणजे कचेरीच्या मागच्या बाजूची एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना आणि मधोमध लाकडी मांडण्या, त्यांवर लाल जाड्याभरड्या कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. या गठ्ठ्याला कचेरीत रुमाल म्हणतात. दाराशी एक टेबल आणि टेबलामागे रेकॉर्डकीपर. सडपातळ, पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खिशात लाल-निळी पेन्सिल, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. माण तालुक्यातले. मला बघताच ते उठून उभेच राहिले.

"या ताई. बसा. च्या घेणार का आधी कागद बघणार?"

"आधी कागद!"

त्यांनी सगळी परिस्थिती एका दमात सांगितली. ही खोली नव्या विभागाला द्यायची होती. एप्रिलअखेर रिकामी करायची. जे कागद स्कॅनच्या यादीत बसतील, त्यांच्या मूळ प्रती दोन लोखंडी कपाटांत राहणार. बाकीचे ट्रकनं पेपर मिलला. म्हणजे मी जो आकडा काढणार, त्यावर कुठला कागद राहतो आणि कुठल्या कागदाचा लगदा होतो ते ठरणार होतं. हे सगळं मी ऐकलं, मान डोलावली आणि तितक्याच पटकन विसरले. माझं लक्ष मांडण्यांवर होतं.

एकूण रुमाल बाराशे. सगळे मोजणं शक्य नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "काका, कुठलेही दहा काढून द्या." ते लगबगीनं गेले आणि दारालगतच्या मांडणीवरून दहा रुमाल अलगद उचलून आणले. गाठी सोडल्या, आणि अहाहा! सरळसोट कागद. एकाच बाजूला टाइप केलेले, कोपऱ्यात लाल शाईनं पान क्रमांक, वर सुवाच्य अक्षरातली अनुक्रमणिका. एकाही पानाला घडी नाही. मी फूटपट्टी लावून जाडी मोजली, पानं मोजली, वहीत आकडे मांडले. दहाच्या दहा रुमाल जवळजवळ दोनशे पानांचे. इतकं सोपं असतं होय हे!

मी निघताना ते म्हणाले, "ताई, त्या कोपऱ्यातली पोती बी बघा की जरा."

कोपऱ्यात गोणपाटाची दहा-बारा पोती एकावर एक होती. "कसली आहेत?"

"बंद पडलेल्या शाळांच्या वह्या. शाळा मिटली की वह्या हितं आणून टाकत्यात."

"यादीत आहेत का?"

"यादीत न्हाईत."

"मग राहू देत," मी म्हटलं. एसटीची वेळ झाली होती.

परतीच्या गाडीत मी तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. बाराशे रुमाल, प्रत्येकी दोनशे पानं, दोन लाख चाळीस हजार पानं. पानाला पंचाहत्तर पैसे लावले तर एक लाख ऐंशी हजार. दोन लाखांच्या आत, वर वीस हजार शिल्लक! एका सीडीत तेरा हजार पानं सहज बसतात, म्हणजे अठरा-वीस सीड्या. ती अख्खी खोली माझ्या पर्समध्ये मावली असती! मला इतका आनंद झाला की शेजारी कुणी नाही म्हणून मी कंडक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, सुटे द्या आधी."

दुसऱ्या दिवशी दरपत्रक टाइप करून तयार. फक्त एक जागा मोकळी होती. काही रुमालांत शिवलेल्या फायली असतील, त्या उसवून पुन्हा शिवायचा दर. मी चाचांकडे गेले.

"फायलीमागं किती घ्याल?"

"दाखव."

"अहो साताऱ्याला आहेत. अंदाजे सांगा की."

"न बघता सांगायला मी काय पोपट घेऊन बसलोय चौकात? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! चल, येतो मी. माझा साडू तिकडंच आहे, त्याचीही गाठ पडंल."

मला राग आला. दोन दिवस फुकट जाणार म्हणून मी वाटभर त्यांच्याशी धड बोललेही नाही. ते आपले खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या मोजत होते.

कचेरीत रेकॉर्डकीपर पुन्हा उठून उभे राहिले आणि पुन्हा त्याच मांडणीवरचे तेच दहा रुमाल घेऊन आले. चाचांनी एक रुमाल घेतला. उघडला नाही आधी. नुसता तळहातावर तोलला, मग गाठ सोडली, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला, एक पान उजेडात धरलं. मग बाकीचे नऊही तसेच चाळले. मला वाटलं, झालं, आता दर सांगतील.

"पोरी, हे कागद कुणी वाचलेलेच नाहीत."

"म्हणजे?"

"वापरातल्या कागदाचा खालचा कोपरा मळतो. माणसं थुंकी लावून पान उलटतात, अंगठ्याचा डाग पडतो. हे बघ, कोरा. शंभर चोपड्या बांध, एखादीचा कोपरा असा निघंल. दहाच्या दहा?"

आणि कुणाला न विचारता ते थेट खोलीच्या मागच्या टोकाला गेले आणि मधल्या फळीवरून एक रुमाल ओढून आणला. गाठ सोडल्याबरोबर आम्ही तिघंही शिंकलो. आत काय नव्हतं! घड्या घातलेले नकाशे, पोस्टकार्डं, गंजून कागदाला चिकटलेल्या टाचण्या, पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या, आणि पानंच्या पानं पाठपोट लिहिलेली. पाठपोट म्हणजे दोन्ही बाजूंनी. म्हणजे प्रत्येक कागद दोनदा स्कॅन! मी मोजायला बसले. पाचशे बारा पानं. दुसरा काढला. चारशे नव्वद.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. बाराशे गुणिले पाचशे, सहा लाख पानं. आणि मी एक लाख ऐंशी हजारांत सगळी खोली करून देते म्हणून सही करणार होते! टाचण्या काढायच्या, घड्या उलगडायच्या, ते वेगळंच. दुकान, स्कॅनर, संगणक, सगळं विकून वर आणखी वर्षभर फुकट राबले असते.

मग माझा पारा चढला. "काका, तुम्ही मुद्दाम चांगले रुमाल दाखवलेत मला! मी बुडाले असते! मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. खरोखर गोंधळून. "आवं ताई, पाव्हणं आल्यावर फुटकं ताट कोण म्होरं करतंय?"

हळूहळू उलगडा झाला. दरवर्षी पुण्याहून तपासणीला साहेब यायचे. ते म्हणायचे, कुठलेही चार रुमाल दाखवा. मग त्यांना दारालगतच्या मांडणीवरचे दाखवायचे. अठ्ठावीस वर्षं ही रीत. त्या मांडणीवर दोनशे रुमाल होते आणि ते सगळे या माणसानं स्वतःच्या हातानं लावलेले. कागदाला इस्त्रीसुद्धा करायचे म्हणे, पितळी तांब्यात निखारे घालून. दरवर्षी शेरा मिळायचा, 'अभिलेख कक्ष अत्यंत नीटनेटका.' अठ्ठावीस शेरे. मी फूटपट्टी घेऊन आले, कुठलेही दहा द्या म्हटलं, आणि त्यांना वाटलं, झाली तपासणी सुरू. लबाडी नव्हती हो ती. उलट आदरसत्कार होता!

चाचा तर हसत सुटले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मलाही हसू येत होतं, पण मी दाबून धरलं, कारण मी रागावलेली होते.

"तरी तुम्ही सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"दाखवताना मी चुकलो, ताई. पर बघताना तुमी बी चुकलासा. मी पोती बघा म्हनलं हुतं."

मी मुकाट्यानं कोपऱ्यात गेले आणि पहिलं पोतं सोडलं.

आत शाळांच्या दाखल-खारीज नोंदीच्या वह्या होत्या. शाळेत मूल आलं की त्याचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, गाव, सगळं एका ओळीत लिहायचं, आणि मूल शाळा सोडून गेलं की त्याच ओळीत शेवटी कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलं होतं, 'मेंढरांमागे गेला.' 'मुंबईस गेला.' पुन्हा 'मेंढरांमागे.' शाई तपकिरी पडलेली, पुठ्ठे सुटलेले. आणि प्रत्येक पानाचा खालचा कोपरा काळाकुट्ट.

चाचांनी तो कोपरा मला दाखवला.

रेकॉर्डकीपरनी एक वही काढली. कुठल्या पोत्यात आहे हे त्यांना डोळे मिटूनही ठाऊक होतं. बोटानं एक ओळ दाखवली. "ह्यो माझा बाप."

"छप्पन सालानंतर आमी बौद्ध झालो," ते सांगू लागले. "आता पोरीच्या दाखल्याला त्येच्या आधीची नोंद मागत्यात, जातीची. आजा शिकलेला न्हवता. बाप दोन वर्सं शाळंत गेला, मग शाळाच बंद पडली. ही एक ओळ सोडली तर आमच्या घराण्याचा कागदच न्हाई सरकारात. ही घावली म्हणून पोरगी आज कराडला इंजिनेरिंगला हाय." वही मिटून त्यांनी ती परत ठेवली. "माझी ओळ घावली, ताई. बाकीच्यांच्या अजून हितंच हायेत. त्यांना ठावं बी न्हाई की त्या हितं हायेत. मुंबईला कामाला असत्यात माणसं, पोरगं बारावी झालं की पळत येत्यात. कवा दोन येतील, कवा धा येतील. आन् पोती ट्रकात गेली असली, तर काय सांगू?"

मला स्वतःचीच लाज वाटली. परवा मी 'राहू देत' म्हणून एसटी पकडायला पळाले होते. पण खोटं कशाला बोलू, लाजेपेक्षा मला चेव जास्त चढला. हे बसवायचं! दोन लाखांत हे बसवायचंच!

पुढचे चार दिवस म्हणजे माझ्या आयुष्यातली जत्रा होती. मी साताऱ्यातल्या आत्याकडे मुक्काम टाकला, चाचा साडूकडे. चाचांनी मोजायची पद्धत ठरवून दिली. खोलीच्या एका टोकापासून चालत जायचं आणि प्रत्येक तिसावा रुमाल काढायचा, मग तो देखणा असो की दळभद्री. बदलायचा नाही. असे चाळीस रुमाल. रेकॉर्डकीपरना हे फार अवघड गेलं. एखादा फाटका रुमाल निघाला की ते हळूच म्हणायचे, "शेजारचा बरा हाय, ताई." मी डोळे वटारले की तोच फाटका आणून द्यायचे.

आणि चाचांचा हात! रुमाल तळहातावर तोलायचे, डोळे बारीक करायचे आणि सांगायचे, "तेरा दस्ते, वर चार कागद." एका दस्त्यात चोवीस कागद. मी मोजायची, तीनशे चौदा निघायचे. चाचांचे तीनशे सोळा! दोन कागदांचा फरक! मी कंदी पेढ्यांची पैज लावली. तिसऱ्या दिवशी माझ्यावर पाव किलो पेढे चढले होते आणि शेजारच्या टेबलांवरचे कारकून चहा सोडून आमची मोजणी बघायला यायचे. "आता किती म्हणतायत?" "सव्वाअकरा दस्ते!" असा कल्ला. आयुष्यात मोजणीला एवढी गर्दी मी पाहिली नाही.

वह्या मात्र मोजून भागणार नव्हतं. त्यांना वेळ किती लागतो ते बघायला हवं होतं. म्हणून मी सांगलीला जाऊन स्कॅनर गोधडीत गुंडाळून आणला, एसटीत मांडीवर घेऊन. आत्या म्हणाली, "हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं चाललंय तुझं." म्हणू दे! कचेरीच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये एक संगणक होता, आजवर ज्याच्यावर नुसतं कव्हरच होतं. त्याला तो जोडला. चाचांनी एका वहीची शिलाई उसवली, इतक्या हळुवारपणे की दोराही तुटला नाही. उघडं पान काचेवर मावेना, तेव्हा डावी बाजू एकदा, उजवी एकदा, अशी दोनदा घ्यायची ठरली. मी कळ दाबली. काचेखालून उजेड सरकत गेला आणि पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उतरायला लागली. रेकॉर्डकीपर पडद्याला नाक लावून बघत होते.

"मोठं हुतंय का हे?"

मी एक ओळ मोठी केली. मास्तरांच्या टाकाचं टोक फाटलेलं होतं, तेसुद्धा दिसलं!

"आयला!" ते ओरडले आणि साहेबांच्या केबिनमध्ये आपण ओरडलो हे लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली. साहेबही उठून बघायला आले होते.

चौथ्या दिवशी सगळे आकडे समोर होते. नोंदीच्या वह्या तीनशे चाळीस. प्रत्येकीची सरासरी दीडशे उघडी पानं, प्रत्येक पान दोनदा, दीड रुपयानं, आणि उसवून शिवायचे पंचवीस. वहीमागे चारशे पंच्याहत्तर. सगळ्या मिळून एक लाख एकसष्ट हजार पाचशे. रुमालांचा निवाडा रेकॉर्डकीपरनीच केला. कायम जपायचेत असे फक्त साठ, प्रत्येकी पाचशे पानं, पानाला रुपया, म्हणजे तीस हजार. दारालगतचे तपासणीचे दोनशे वगळता बाकीच्या नऊशे चाळीस रुमालांची मुदत कधीच संपली होती, ते नियमानं जाणारच होते. बेरीज, एक लाख एक्क्याण्णव हजार पाचशे. बसलं! मी चक्क टाळी वाजवली.

दरपत्रक घेऊन आम्ही तिघं साहेबांपुढे उभे राहिलो. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे वाचलं आणि चष्मा काढला.

"तपासणीचे रुमाल यात कुठे आहेत?"

"त्यांचीही मुदत संपली आहे, साहेब," मी म्हटलं. "जुनी परिपत्रकं आहेत बहुतेक."

"मला कळतं ते. पण उद्या वरून कुणी संगणक बघायला आलं, तर त्यांना काय दाखवू? ह्या फाटक्या वह्या? या कचेरीत दाखवण्यासारखं तेवढंच आहे. ते वर घाला."

त्यांच्या शिपायानं दिलेल्या कागदावर मी तिथेच पहिली ओळ वाढवून नवी यादी केली. तपासणीचे रुमाल दोनशे, पानं चाळीस हजार, सोपी आहेत म्हणून पंचाहत्तर पैशांनी तीस हजार. बेरीज दोन लाख एकवीस हजार पाचशे.

"साडेएकवीस हजार जास्त होतात," साहेब म्हणाले. "वह्या कमी करा. शेहेचाळीस काढल्या की बसतंय. तशाही त्या यादीत नव्हत्याच."

माझं डोकं भणभणलं. "कुठल्या गावाच्या शेहेचाळीस काढू? तुम्हीच सांगा! शेहेचाळीस वह्या म्हणजे किती पोरं, माहितीये? दर कमी करायला लावा मला, करते. पण वही काढणार नाही!"

"बाई, आवाज खाली. दर कमी करून तुम्ही काम अर्धवट सोडाल, मग मी काय करू? आणि दोन लाखांवर एक रुपया मला मंजूर करता येत नाही. काहीतरी जायलाच हवं."

चाचांनी माझा दंड धरला. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात रेकॉर्डकीपर पुढे आले. "साहेब, ती यादी जरा देता का?"

त्यांनी यादी टेबलावर सरळ केली. खिशातली लाल-निळी पेन्सिल काढली, तिचं लाल टोक वळवून घेतलं, आणि पहिल्या ओळीवर डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ ओढली. पट्टी न लावता. तपासणीचे रुमाल, दोनशे.

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. "अहो, आयुष्य घातलंत तुम्ही त्यात."

"व्हय साहेब."

"ट्रकमध्ये जातील ते."

"अठ्ठावीस वर्सांत ह्या रुमालांसाठी एक बी माणूस दारात आला न्हाई. तपासणीवालं सोडून. वह्यांसाठी येत्यात. उनातानाचं येत्यात, भाकरी बांधून येत्यात." त्यांनी पेन्सिल खिशात परत ठेवली. "ह्येच जाऊ द्यात."

मग साहेबांनी चष्मा लावला. "खोडलेल्या ओळीशेजारी सही करा," ते म्हणाले. कचेरीचा तो नियमच. ज्यानं खोडलं त्यानं सही करायची. रेकॉर्डकीपरनी सही केली, अगदी सावकाश, तपासणीच्या अनुक्रमणिकेवर असायचं त्याच वळणदार अक्षरात. खाली साहेबांनी 'मंजूर' लिहिलं.

बाहेर आल्यावर मी वेडीच झाले. व्हरांड्यात उड्या मारल्या, चाचांना दोन्ही हात धरून गोल फिरवलं. ते म्हणाले, "अगं सोड, कंबर मोडंल!" काम मिळालं होतं! तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस वह्या राहणार होत्या! चाचा पेढे आणायला गेले, माझ्या उधारीतले. आणि पहिला पेढा रेकॉर्डकीपरनाच द्यायचा म्हणून मी त्यांना बोलवायला अभिलेख कक्षाकडे पळाले.

रेकॉर्डकीपर दारालगतच्या मांडणीपाशी उभे होते. हातात पिवळं फडकं. वरच्या फळीपासून एकेक रुमाल उचलत होते, त्याची धूळ पुसत होते, गाठ घट्ट आहे का चाचपून बघत होते, आणि परत जागेवर कडेला कड लावून ठेवत होते.

"काका, हे आता जाणार ना?"

"व्हय. ट्रक सोमवारी येणार हाय."

"मग?"

"आज शुक्कीरवार हाय, ताई. तवर माझ्याच ताब्यात हायेत." त्यांनी पुढचा रुमाल उचलला. माझ्याकडे ते बघत नव्हते.

टेबलाच्या खणात दुसरं फडकं होतं. ते घेतलं आणि मी खालच्या फळीपासून सुरुवात केली.